कॉम्प्युटरच्या स्पीकरमधली घरघर नेमकी येते कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉप कॉम्प्युटरला मागून धातूची पट्टी असलेले, स्वतंत्र तीन पिनी प्लगवर चालणारे स्पीकर जोडले आहेत. काहीच वाजत नसतानाही त्यांतून सतत घरघर येते. माउस हलवला की तिच्यात किरकिर मिसळते, गेम सुरू केला की बारीक शीळ ऐकू येते. केबल बदलून झाली, फरक पडला नाही. मग कोणीतरी सुचवलं म्हणून स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली आणि आवाज एकदम थांबला. आता तसंच चालू ठेवलं तर चालेल का?

नाही चालणार. पिन आजच परत बसवा, आवाजाचा बंदोबस्त होईपर्यंत थांबू नका. स्पीकरच्या मागची पट्टी अर्थिंगला जोडलेली असते ती एवढ्यासाठी, की आतली फेजची वायर कधी सुटून तिला लागली तर करंट अर्थिंगकडे वाहून जावा आणि फ्यूज उडावा किंवा एमसीबी पडावा. पिन काढली की ही वाट बंद होते. ऑडिओ केबल जोडलेली असेल तर तो सगळा करंट त्या केबलच्या बारीक जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) कॉम्प्युटरकडे आणि तिथून अर्थिंगकडे धावतो. जाळी तापते, वितळते, मदरबोर्डही जातो. केबल काढलेली असेल तर पट्टीत करंट उतरलेलाच राहतो आणि मागे हात घालणाऱ्याला शॉक बसतो. तो जीवघेणा असू शकतो. तीन पिनी प्लग दोन पिनी सॉकेटमध्ये बसवून देणारे छोटे अ‍ॅडॉप्टर मिळतात, त्यांनीही नेमकं हेच होतं. घरघर घालवण्याचे सुरक्षित मार्ग असताना हा धोका पत्करण्याचं काहीच कारण नाही.

तुमच्या प्रयोगाने दुखणं कुठे आहे ते मात्र दाखवून दिलं. पिन काढल्यावर आवाज गेला, म्हणजे स्पीकर चांगले आहेत, साउंड कार्डही बहुधा ठीक आहे, आणि घरघर येते आहे ती ग्राउंड लूपमुळे. कॉम्प्युटर त्याच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेला, स्पीकर त्यांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले, आणि दोघांना वरून जोडणारी ऑडिओ केबलची जाळी. असं एक बंद कडं तयार होतं. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक असला, किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र या कड्यातून गेलं, की कड्यात करंट फिरू लागतो. अर्थिंगच्या तारेत थोडाफार करंट असणं हा बिघाड नव्हे. कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर थोडा करंट अर्थिंगकडे सोडतातच.

हा करंट किती क्षुल्लक असला तरी पुरतो, ते आकड्यांत बघा. केबलच्या जाळीचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आणि तिच्यातून जाणारा करंट १० मिलिअँपिअर धरला, तर जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडतो. घरगुती ऑडिओची लाइन पातळी, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या मूळ सिग्नलचं व्होल्टेज, साधारण ०.३१६ व्होल्ट. म्हणजे ही घरघर मूळ सिग्नलच्या फक्त ५० डेसिबल खाली आली. शांत खोलीत ती स्पष्ट ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलची तार आणि जाळी यांच्यातला फरक मोठा करून वाजवतो, त्यामुळे जाळीवरचा मिलिव्होल्ट त्याच्या लेखी गाण्याचाच भाग असतो. केबल बदलून तुम्हाला फरक पडला नाही तो यामुळेच. नव्या केबललाही जाळी आहेच, कडं पुन्हा जुळलं.

माउसची किरकिर आणि गेमची शीळ याच वाटेने येतात. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड सेकंदाला असंख्य वेळा कमीजास्त करंट ओढत असतात, त्यामुळे आतलं ग्राउंड, म्हणजे सगळी व्होल्टेज जिच्यापासून मोजतात ती शून्याची वाट, कधीच पूर्ण स्थिर नसतं. यूएसबीवरची देवघेवही ठरलेल्या तालात चालते: फुल-स्पीड या कमी वेगावर दर १ मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे १००० हर्ट्झ, आणि हाय-स्पीड या जास्त वेगावर दर १२५ मायक्रोसेकंदाला, म्हणजे ८००० हर्ट्झ. दोन्ही कानाला सहज ऐकू येतात. जाळीतून वाहणाऱ्या करंटवर स्वार होऊन हा सगळा गोंगाट स्पीकरपर्यंत पोचतो.

हे तुमच्या बाबतीत झालं. पण हाच आवाज वेगळ्या कारणाने येणारे खूप जण असतात, आणि बहुतेकांचे पैसे चुकीच्या वस्तूवर जातात. म्हणून कारण पक्कं कसं करायचं ते नीट सांगतो. त्यासाठी एकही उपकरण विकत घ्यावं लागत नाही, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त लागते.

सुरुवात स्पीकरच्या व्हॉल्यूमच्या बटणापासून करा. काहीही वाजत नसताना बटण पूर्ण खाली आणा, मग हळूहळू वर न्या. घरघर बटणाबरोबर कमीजास्त होत असेल तर ती बटणाच्या आधी शिरते आहे, म्हणजे केबल, साउंड कार्ड किंवा लूप यांतून. बटण कुठेही असलं तरी घरघर तेवढीच राहत असेल तर ती बटणाच्या नंतर शिरते, म्हणजे स्पीकरच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून किंवा त्याच्या पॉवर सप्लायमधून. या एका चाचणीने अर्धा शोध संपतो, तरीही ती कोणी करत नाही.

मग स्पीकरच्या मागून ऑडिओ केबल पूर्ण काढा. फक्त विजेचा प्लग राहू द्या आणि व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा. आवाज तसाच राहिला तर कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. स्पीकरच्या पॉवर सप्लायकडे किंवा जवळपासच्या एखाद्या उपकरणाकडे बघायचं. इथे एक फसगत हमखास होते. केबल स्पीकरकडून न काढता कॉम्प्युटरकडून काढली तर मोकळं टोक अँटेनासारखं वागतं आणि घरघर उलट वाढते. त्या टोकाला बोट लावलं तर जोरात भुर्रर्र होतं. ते स्वाभाविक आहे, त्यावरून स्पीकर बिघडले असं ठरवू नका.

केबल काढल्यावर शांतता झाली तर तीच केबल बॅटरीवर चालणाऱ्या एखाद्या गोष्टीला लावा. मोबाइल चालेल, पण तो चार्जिंगला लावलेला नको. गाणं थांबवा आणि ऐका. शांत असेल तर स्पीकरही ठीक आणि केबलही ठीक. घरघर असेल आणि केबलचं टोक हलवल्यावर ती येत-जात असेल, तर जाळी कुठेतरी तुटली आहे किंवा जॅक सैल झाला आहे. प्लगच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर तीही जाळी तुटल्याचीच खूण, कारण जाळीचं काम तेवढ्यापुरतं तुमचं शरीर करतं. ३.५ मिमी जॅक पुरता आत बसलेला नसणं हे कारण फारच साधं, पण वारंवार भेटणारं. मोबाइलच्या कव्हरमुळे किंवा कॅबिनेटच्या पत्र्यामुळे प्लग मिलिमीटरभर बाहेर राहतो आणि तेवढ्याने काम बिघडतं.

आता कॉम्प्युटर. लॅपटॉप असेल तर चाचणी अगदी सोपी: चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घरघर तत्क्षणी थांबली तर ती चार्जरच्या वाटेने येत होती. डेस्कटॉप असेल तर स्पीकर आणि मॉनिटर सोडून बाकी सगळं काढा, प्रिंटर, बाहेरची डिस्क, टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय, सगळं. मग एकेक वस्तू परत जोडा आणि प्रत्येक वेळी कान द्या. टीव्हीकडे जाणाऱ्या केबलवर विशेष लक्ष ठेवा. टीव्हीला बाहेरून आलेली अँटेनाची किंवा केबलची जाड कोअ‍ॅक्सिअल वायर असते, तिची जाळी इमारतीत दुसऱ्याच ठिकाणी अर्थ केलेली असते, आणि एचडीएमआय लावताच ते दूरचं अर्थिंग तुमच्या टेबलावर येऊन पोचतं. असा लूप मोठा असतो आणि घरघरही मोठी. नेटवर्कच्या केबलवर मात्र लोक उगाच संशय घेतात. साध्या लॅन केबलच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांचं आयसोलेशन (दोन बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणं) १५०० व्होल्टचं असतं, तिच्यातून ग्राउंड लूप होत नाही. बाहेरून जाळी असलेली शिल्डेड लॅन केबल असेल तरच ती तपासा.

एवढं करूनही उत्तर धूसर राहिलं तर आवाजाची जात ओळखा. मोबाइलवर स्पेक्ट्रम (आवाजात कोणत्या वारंवारता किती आहेत ते) दाखवणारं एखादं अ‍ॅप घेऊन ते स्पीकरजवळ धरलं तर आणखी बरं. विजेची वारंवारता काही देशांत ५० हर्ट्झ असते, काहींत ६०. पुढचे आकडे ५० चे देतो, तुमच्याकडे ६० असेल तर त्या पटीत वाढवा. शुद्ध ५० हर्ट्झचा आवाज खोल, गोलसर, हुंकारासारखा असतो. तो जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे किंवा तुटलेल्या जाळीमुळे येतो, आणि सबवूफर असेल तर जास्त जाणवतो, कारण छोट्या स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवताच येत नाही. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले आवाज जास्त खरखरीत असतात. व्हॉल्यूम कमी केला तरी ही खरखर राहत असेल तर स्पीकरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कॅपॅसिटर म्हातारा झाला असं समजा. व्हॉल्यूमबरोबर ती बदलत असेल तर ग्राउंड लूपमध्येही असाच खरखरीतपणा असतो. टोकदार, चरचरणारा आवाज आणि तो दिव्याचा डिमर फिरवल्यावर बदलत असेल तर दोषी डिमरच, कारण तो विजेची लाट दर अर्ध्या फेरीत मध्येच कापतो. यूपीएस बॅकअपवर गेल्यावरच खरखर सुरू होत असेल तर त्याची लाट साइन वेव्ह नसून पायऱ्यापायऱ्यांची आहे.

मोबाइलला फोन येण्याच्या क्षणभर आधी येणारा टिडिक-टिडिक-टिडिक आवाज सगळ्यांना माहीत आहे. त्याचा विजेशी संबंध नाही. २जी फोन दर ४.६१५ मिलिसेकंदाला एकदा झटक्याने रेडिओ लहर सोडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा, आणि स्पीकरच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर ती लहर पकडून तिचा आवाज करतो. फोन हातभर लांब ठेवा, प्रश्न मिटला. पुढच्या पिढ्यांच्या नेटवर्कवर हा त्रास बराच कमी झाला आहे. स्पीकरमध्ये एखादं रेडिओ स्टेशन हळू आवाजात ऐकू येत असेल तर तोही असाच प्रकार, केबल अँटेना झालेली असते. तिथे आणि फक्त तिथेच क्लिप-ऑन फेराइटचा, म्हणजे केबलवर चिमट्यासारख्या बसवायच्या चुंबकीय पदार्थाच्या कड्याचा, खरा उपयोग. केबल फेराइटमधून एकदा नेण्याऐवजी दोन-तीन वेढे दिले तर परिणाम वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण ५० किंवा १०० हर्ट्झच्या घरघरीवर फेराइट काहीही करत नाही, कितीही लावा.

आता उपाय, तुमच्या लूपसाठी.

आधी फुकटचा. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्पीकर तिन्ही एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आणि तो बोर्ड भिंतीतल्या एकाच तीन पिनी सॉकेटला लावा. सगळ्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी भेटलं की दोन अर्थिंगमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि कड्याचा घेरही आक्रसतो. या तिघांचा एकूण भार किरकोळ असतो. फक्त त्याच बोर्डवर हीटर किंवा इस्त्री लावू नका. टेबलामागच्या तारांकडेही एकदा बघा. ऑडिओ केबलचा उरलेला वेटोळा बहुतेक ठिकाणी अ‍ॅडॉप्टरच्या डोक्यावरच पडलेला असतो. तो तिथून उचला. विजेची आणि ऑडिओची केबल एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडू द्या, समांतर लांबवर जाऊ देऊ नका. निम्मी प्रकरणं इथेच संपतात असं मी म्हणणार नाही, पण घरघर कमी न झालेलं टेबल क्वचितच दिसतं.

त्याने पूर्ण भागलं नाही तर कॉम्प्युटरच्या मागे ऑप्टिकल आउटपुट आहे का ते शोधा. झाकण असलेलं छोटं चौकोनी भोक, चालू असताना आतून लाल प्रकाश दिसतो. स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल, किंवा मध्ये ऑप्टिकल घेणारा डॅक (डिजिटल सिग्नलचं स्पीकरला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी) ठेवता येत असेल, तर हा माझ्या मते सर्वांत स्वच्छ उपाय. प्लास्टिकच्या धाग्यातून फक्त प्रकाश जातो, धातूचा संबंधच तुटतो, आणि कडं राहतच नाही. ब्लूटूथनेही कडं तुटतं, पण आवाज थोडा उशिरा पोचतो. गाण्यांना चालेल, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला नाही.

तुमच्या स्पीकरच्या मागे एक्सएलआर (तीन पिनांचं गोल) किंवा जाड ६.३५ मिमीचं बॅलन्स्ड इनपुट असेल तर बॅलन्स्ड आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) हा दुसरा चांगला मार्ग. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात आणि अ‍ॅम्प्लिफायर फक्त त्या दोघींमधला फरक घेतो. घरघर दोन्ही तारांवर सारखीच येते, म्हणून वजा होऊन जाते. जाळीतून करंट वाहत राहिला तरी त्याची फिकीर नाही, कारण आता जाळी सिग्नलचा भाग नाही. स्टुडिओंत शेकडो उपकरणं अर्थिंगला जोडलेली असूनही शांतता असते ती याच पद्धतीमुळे.

तिसरा आणि बहुतेकांना परवडणारा मार्ग म्हणजे ऑडिओ आयसोलेटर, ज्याला ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणूनही विकतात. आत प्रत्येक चॅनलला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, जाळीचा धातूचा जोड मात्र तुटतो. विजेचं अर्थिंग दोन्ही बाजूंना शाबूत राहतं, म्हणून हा उपाय सुरक्षित आहे. तो कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यातल्या लाइन केबलवरच लावायचा. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या खोक्यामधल्या वायरवर लावला तर जळेल.

यूएसबी डॅकबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो इथेच काढू. घरघर आली की बाहेरचा यूएसबी डॅक घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. साउंड कार्डच्या आतच गोंगाट शिरत असेल तर डॅकने तो खरोखर जातो. पण ग्राउंड लूप डॅकने तुटत नाही. यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असते, ती कॉम्प्युटरचं ग्राउंड डॅकपर्यंत नेते, डॅक ते स्पीकरपर्यंत नेतो, आणि कडं पुन्हा पूर्ण होतं. डॅकबरोबर यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतला धातूचा जोड तोडणारं उपकरण) लावला तर तुटतं, मात्र जुने आयसोलेटर फुल-स्पीडचे, १२ मेगाबिटचे असतात आणि हाय-स्पीड मागणाऱ्या डॅकला ते चालत नाहीत. घेण्याआधी दोन्ही वस्तूंचा वेग जुळतो का ते बघा.

साउंड कार्डच्या आत गोंगाट शिरतो आहे का, हे कळायला हेडफोन पुरतो. हेडफोनला वेगळं अर्थिंग नाही, त्यामुळे लूप होऊच शकत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावा, मग मागच्या जॅकला. पुढे किरकिर आणि मागे शांत असेल तर कॅबिनेटच्या आतली पुढच्या जॅककडे जाणारी बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेत सगळं गोळा करते. मागचा जॅक वापरा, संपलं. दोन्हीकडे किरकिर असेल तर मग डॅक जरूर घ्या.

यूएसबीवरच चालणारे छोटे स्पीकर, म्हणजे करंट यूएसबीतून आणि आवाज ३.५ मिमी जॅकमधून, यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण यांचा लूप टेबलावरच आणि अगदी आखूड असतो. स्पीकर अर्धा अँपिअर करंट ओढतायत आणि यूएसबीच्या बारीक ग्राउंड तारेचा रेझिस्टन्स ०.२ ओहम आहे असं धरा. तारेच्या दोन टोकांत ०.१ व्होल्टचा फरक पडू पाहतो. शेजारून ऑडिओ केबलची जाळी त्याच दोन ग्राउंडना जोडत असते, त्यामुळे परतीच्या करंटचा काही वाटा तिच्यातून जातो आणि थेट सिग्नलमध्ये मिसळतो. असा सेट समोर असेल तर स्क्रीनवर एखादी खिडकी माउसने धरून गोल फिरवून बघा: खिडकी सरकते तोवर स्पीकरमध्ये बारीक किर्र होत राहते, हात थांबला की तीही थांबते. आता स्पीकरचा यूएसबी प्लग कॉम्प्युटरमधून काढून पॉवर बँकेला लावा, ऑडिओ केबल आहे तशीच ठेवा. किर्र गेली तर निदान झालं. पुढे कायमचा उपाय म्हणून मोबाइलचा दोन पिनी चार्जर वापरा. चार्जर मात्र बरा घ्या, हलक्या चार्जरचा स्वतःचाच गोंगाट असतो.

लॅपटॉपच्या दोन पिनी चार्जरची तऱ्हा थोडी वेगळी. त्याला अर्थिंगच नसतं, म्हणून लूप नसावा असं वाटतं. पण चार्जरच्या आत विजेच्या बाजूपासून लॅपटॉपच्या बाजूपर्यंत एक छोटा सुरक्षा कॅपॅसिटर असतो, त्यातून थोडा करंट झिरपतो. धातूच्या लॅपटॉपवरून हलकेच बोट फिरवल्यावर झिणझिण्या येतात त्या याच्याच. हा करंट ऑडिओ केबलमधून स्पीकरच्या अर्थिंगकडे जातो आणि घरघर करतो. काही चार्जरना तीन पिनी वायर लावता येते. तुमचा तसा असेल तर ती वायर लावल्याने झिणझिण्या आणि घरघर दोन्ही जातात. नसेल तर ऑडिओ आयसोलेटर.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गोष्ट गंभीर आहे. याचा अर्थ त्या सॉकेटला अर्थिंग नाही, पिनेचं भोक आहे पण मागे तार नाही किंवा ती सुटली आहे. अशा वेळी पॉवर सप्लायच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर विजेच्या जवळपास निम्मं व्होल्टेज दिसतं, २३० व्होल्टच्या घरात ११५ च्या आसपास. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो, अर्थिंग चांगलं आहे का हे त्याला सांगता येत नाही. सॉकेट दुरुस्त होईपर्यंत बाकी उपायांवर पैसे घालू नका.

काही आवाज विजेचे नसतातच. सिस्टिमच्या साउंड सेटिंगमध्ये माइक किंवा लाइन-इन थेट स्पीकरवर ऐकवण्याचा पर्याय चालू राहिला असेल, वर माइक बूस्ट असेल, तर खोलीतला पंखासुद्धा घरघर म्हणून ऐकू येतो. तो बंद करा. गाणं सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर काही सेकंदांनी येणारा टप् आवाज साउंड चिप वीज वाचवायला झोपी जाते त्याचा असतो, ऑडिओची पॉवर सेव्हिंग बंद केली की जातो. आणि गाणं चालू असतानाच मध्येमध्ये तडतड होत असेल, बाकी वेळी पूर्ण शांतता असेल, तर ड्रायव्हरकडे (साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बघा, तारांकडे नाही.

सतत येणारी बारीक सूंऽऽ अशी सळसळ, जिच्यात कसलाच सूर नाही, ती प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये थोडी असते. कान स्पीकरला लावल्यावरच ऐकू येत असेल तर सोडून द्या. खुर्चीत बसून ऐकू येत असेल तर कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम ८० ते १०० टक्क्यांवर न्या आणि स्पीकरचं बटण खाली आणा. लोक नेमकं उलटं ठेवतात, कॉम्प्युटर २० वर आणि स्पीकर पूर्ण, आणि मग अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर वाटेतला सगळा कचराही मोठा करतो. स्पीकरच्या मागे +४ आणि −१० असा सिग्नलची पातळी निवडायचा स्विच असेल तर साध्या कॉम्प्युटर आउटपुटसाठी −१० योग्य. व्यावसायिक इंटरफेस असेल तर +४.

व्हॉल्यूमच्या चाचणीत दोष स्पीकरच्या आत निघाला तर खोलायची घाई करू नका. २३० व्होल्टच्या स्विचिंग सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. स्पीकर बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालत असतील तर काम सोपं आहे: तेवढ्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, आणि पिनेची प्लस-मायनसची दिशा तीच असलेला दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. आवाज एकाच बाजूने येत असेल तर आधी डाव्या-उजव्या केबल अदलाबदल करा. ग्राउंड लूपची घरघर बहुधा दोन्ही बाजूंना येते. एकाच बाजूची आणि केबल बदलल्यावरही तिथेच राहणारी घरघर त्या स्पीकरच्या आतल्या सैल सोल्डरची किंवा थकलेल्या कॅपॅसिटरची असते, आणि ती दुरुस्ती जाणकाराकडून करून घ्यावी.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. पिन असलेली वायर बसवा, सगळं एका बोर्डवर घ्या, टीव्हीची एचडीएमआय असेल तर काढून ऐका. घरघर राहिली तर ऑप्टिकलची सोय बघा, ती नसेल तर आयसोलेटर घ्या. घेताना परत करण्याची मुभा ठेवा, कारण स्वस्त आयसोलेटरचा ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो आणि खालच्या सुरांना आवाज वाढवला की आधीच दमतो. तुमच्या ओळखीचं, भरपूर खर्ज असलेलं एखादं गाणं आयसोलेटरशिवाय आणि आयसोलेटरसह, त्याच व्हॉल्यूमवर लागोपाठ ऐका. ढोल पोकळ किंवा फाटका वाटला तर तो परत करून मोठ्या कोअरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा असलेला, घ्या.